तान्ह्या मुलाची दिवसाची झोप : तिच्या खुणा व तिचे नियोजन

पाऊस होऊन गेल्यावर जमिनीत औत केव्हा घालावे, हे अनुभवी शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तो मूठभर माती उचलतो, दाबून पाहतो आणि वापसा आला की नाही हे ठरवितो. वापशापूर्वी औत घातले तर चिखल होऊन ढेकळे बनतात. वापसा टळून गेला तर जमीन कठीण होते व बैलांचे श्रम वाया जातात. तान्ह्या मुलाच्या झोपेचेही असेच आहे. झोप येण्यापूर्वी निजविलेले मूल खेळत राहते. झोपेची वेळ टळून गेलेले मूल थकून चिडते, आणि चिडलेले मूल लवकर झोपत नाही. या दोहोंमधील योग्य वेळ ओळखता आली म्हणजे मुलास विश्रांती मिळते, मातेचे श्रम वाचतात आणि घरातील व शेतातील कामे वेळेवर उरकतात.

झोपेची गरज

मनुष्य जागा असेपर्यंत त्याच्या मेंदूत झोपेची निकड हळूहळू साठत जाते व झोपेने ती उतरते. तान्ह्या मुलात ही निकड फार लवकर साठते. म्हणून त्यास दिवसातून अनेक वेळा झोपावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसरात्र मिळून तीन महिन्यांपर्यंतच्या मुलास 14 ते 17 तास, चार ते अकरा महिन्यांच्या मुलास 12 ते 16 तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलास 11 ते 14 तास झोप आवश्यक असते. दिवसाच्या झोपा यातच धरलेल्या आहेत.

जन्मानंतर पहिले काही आठवडे मुलास दिवस व रात्र यांतील भेद कळत नाही. सुमारे दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान हा भेद हळूहळू रुजू लागतो. यास्तव सकाळी मुलास उजेडात आणावे, त्याच्याशी बोलावे. रात्री दिवा मंद ठेवावा व दूध पाजताना गडबड करू नये.

पेंगेच्या खुणा

मुलास बोलता येत नसले तरी त्याचे शरीर बोलत असते. पहिल्या खुणा सौम्य असतात. मुलाचे हातपाय चाळविणे मंदावते, नजर एके ठिकाणी स्थिर होते, बोलणाऱ्याकडून किंवा खुळखुळ्याकडून ते तोंड फिरविते, पापण्या जड होतात व जांभई येते. हाच झोपेचा वापसा होय. या वेळी मुलास निजविण्याची तयारी करावी.

त्यानंतरच्या खुणा अधिक स्पष्ट असतात. मूल डोळे चोळते, कान ओढते, मुठी आवळते, झटके दिल्यासारखे हातपाय हलविते व किरकिर करते. शेवटी अंग ताठ करून, पाठ मागे वाकवून ते रडू लागते. रडणे ही अगदी उशिराची खूण आहे. अशा वेळी मुलास खेळवून, उडवून हसविण्याचा प्रयत्न केला जातो. त्याने ते क्षणभर गप्प होते, पण अधिक थकते. त्याऐवजी त्यास छातीशी धरून, शांत जागी नेऊन हळूहळू थोपटावे.

भूक की झोप?

पुष्कळ घरांत मूल रडले की त्यास पाजले जाते. भुकेची खूण निराळी असते. भुकेले मूल ओठ चाटते, मूठ चोखते, गालास बोट लागताच तोंड उघडून त्या बाजूस वळते. शंका वाटल्यास प्रथम पाजून पाहावे. भुकेल्या मुलास झोपेसाठी ताटकळत ठेवू नये. मूल नुकतेच पोटभर प्याले असेल, लंगोट कोरडा असेल आणि जागे होऊन बराच वेळ झाला असेल, तर ते रडणे बहुधा झोपेचे असते.

दिवसाची आखणी

खुणांच्या जोडीस घड्याळाकडे लक्ष ठेवल्यास अंदाज चुकत नाही. मूल एका वेळी साधारणपणे किती जागे राहू शकते, ते पुढीलप्रमाणे :

दोन महिन्यांपर्यंत : पाऊण ते सव्वा तास, झोपांची संख्या निश्चित नसते.
तीन ते चार महिने : दीड ते दोन तास, दिवसा सुमारे चार झोपा.
पाच ते सात महिने : दोन ते तीन तास, दिवसा बहुधा तीन झोपा.
आठ ते बारा महिने : अडीच ते चार तास, दिवसा बहुधा दोन झोपा.

पुढे पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमारास बहुतेक मुलांना दुपारची एकच झोप पुरते. हे आकडे सर्वसाधारण आहेत. प्रत्येक मूल निराळे असते, म्हणून खुणेस आकड्यापेक्षा अधिक मान द्यावा.

उदाहरणार्थ, सात महिन्यांचे मूल सकाळी 6 वाजता उठते असे समजू. सव्वाआठच्या सुमारास ते पेंगू लागेल. मातेस खुरपणीस जावयाचे असल्यास तिने त्यापूर्वी त्यास पाजावे, निजवावे आणि आजीच्या स्वाधीन करून शेतावर जावे. सव्वानऊला उठलेले मूल मऊ वरणभात खाऊन पावणेबाराच्या सुमारास पुन्हा झोपेल. माता दुपारच्या सुटीत साडेअकराला घरी आली तर पाजणे व निजविणे दोन्ही साधेल. तिसरी झोप पावणेचार ते साडेचारपर्यंत आटोपावी. ती फार लांबल्यास रात्रीची झोप मागे पडते. सायंकाळी सव्वासात–साडेसातला मूल रात्रीसाठी निजू शकेल.

झोपविण्यापूर्वी दररोज तोच क्रम ठेवावा : लंगोट बदलणे, पाजणे, अंगाई म्हणणे, खाली ठेवणे. या क्रमावरून मुलास झोपेची चाहूल लागते. झोपेत मूल कण्हते, चेहरा हालविते व हातपाय ताणते. लगेच उचलू नये. तान्ह्या मुलाचे झोपेचे एक आवर्तन सुमारे पाऊण तासाचे असते व त्याच्या शेवटी ते चाळवते. क्षणभर थांबल्यास पुष्कळदा ते पुन्हा झोपी जाते.

झोपेची जागा

पहिले वर्षभर मुलास नेहमी उताणे निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. जमिनीवर चटई व तीवर घडीची सतरंजी पुरेशी आहे. उशी, मऊ गादी, वाकळ किंवा कपड्यांचा ढीग मुलाजवळ ठेवू नये, कारण त्यात नाकतोंड दबून श्वास कोंडतो. डोक्यास आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात, तीही टाळावी. झोळीत मूल वाकून त्याची हनुवटी छातीस टेकल्यास श्वासास अडथळा होतो. म्हणून झोळीत झोप लागताच मुलास सपाट अंथरुणावर ठेवावे.

मूल शेतावर न्यावेच लागल्यास दाट सावलीची व वाहत्या वाऱ्याची जागा निवडावी. ऊन सरकते त्याप्रमाणे अंथरूण सरकवावे. मुंग्या, विंचू व साप यांची पाहणी करून घ्यावी आणि मुलाचे तोंड कापडाने झाकू नये. मुलाजवळ जाणते माणूस असावे. पाचसहा वर्षांच्या भावंडावर हा भार टाकू नये. ज्या दिवशी फवारणी असेल त्या दिवशी मूल शेतावर नेऊच नये. औषधाची रिकामी पोती व खोकी अंथरुणास वापरू नयेत, आणि फवारणी केलेल्याने स्नान करून व कपडे बदलूनच मुलास घ्यावे.

घातक उपाय

मूल निजून राहावे व काम उरकावे म्हणून अफूचा अंश, मद्य अथवा गुंगी आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध देणे अत्यंत घातक आहे. अशा पदार्थाने येते ती झोप नव्हे, ती विषाची गुंगी होय. तीत श्वास मंदावतो व मूल दगावू शकते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणी व गुटीही देऊ नये.

मूल उठविले तरी उठत नाही, दूध ओढत नाही, अंग तापलेले किंवा गार लागते, श्वास जलद चालतो, छाती आत ओढली जाते, झटके येतात अथवा तळहात-तळपाय पिवळे दिसतात, तर ही पेंग नव्हे, आजार आहे. अशा मुलास विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी गृहभेटीच्या वेळी केवळ उपदेश न करता मुलाजवळ अर्धा तास बसून पहिली खूण मातेस व आजीस प्रत्यक्ष दाखवावी. तीन दिवस मुलाच्या उठण्याच्या व झोपण्याच्या वेळा भिंतीवर खडूने मांडण्यास सांगावे. त्यावरून त्या घराची आखणी आपोआप दिसून येते. ती आखणी पित्यासही दाखवावी. मातेने कोणत्या वेळी शेतावर जावे व केव्हा परतावे हे पुष्कळदा तोच ठरवितो. बैलांच्या विसाव्याची वेळ चुकू न देणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या लेकराच्या विसाव्याची वेळ सांभाळणे अवघड नाही.