डॉज, नंदी हिल्स आणि विरळ हवा

मुंबईत सुरळीत पळणारी जुनी डॉज बंगळूरला नेली की काळा धूर का सोडते? गाडी बिघडलेली नसते. शहर उंचावर असतं! समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर हवा ८-९ टक्के विरळ. कार्बोरेटर मात्र पेट्रोलमध्ये तेवढी काटछाट करत नाही. मग स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि अ‍ॅव्हरेज घसरतं.

आमच्या काकांच्या डॉजच्या कार्बोरेटरला बंगळूरच्या जे. सी. रोडवरच्या मिस्त्रीने पेट्रोल सोडणारा, थोडा बारीक छिद्राचा जेट बसवला. काळाकुट्ट प्लग चॉकलेटी झाला आणि काकांची कळी खुलली. पुढे ६ व्होल्टची बॅटरी, डायनामो, बल्ब बदलून सगळं १२ व्होल्टचं केलं. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, त्यामुळे त्याच वायरीत वाया जाणारी वीज एक चतुर्थांशावर येते. हेडलाइट लख्ख!

मग आमची वरात बंगळूरजवळच्या १,४७८ मीटर उंच नंदी हिल्सवर. स्टिअरिंगखालचा गिअर खडखडत दुसऱ्यात पडायचा, तरी चढावर गाडीला धाप लागायचीच. जेटने पेट्रोल-हवेचं मिश्रण सुधारतं, ऑक्सिजन वाढत नाही. तुमची जुनी गाडी घाटावर नेणार असाल, तर आधी प्लग काढून त्याचा रंग बघा.