मल्टी-मॉनिटर व्हिडिओ एडिटिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी कॅमेऱ्याची फाइल तपासा



"तीन मॉनिटर लावून एडिटिंग करायचंय, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" लग्नाचा सीझन जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण छोटा स्टुडिओ चालवणारे असतात. बजेट ठरलेलं असतं आणि एकदा घेतलेलं कार्ड पुढची तीन-चार वर्षं वापरायचं असतं. माझं उत्तर एकच असतं: मॉनिटर किती हे नंतर, तुमचा कॅमेरा काय रेकॉर्ड करतो हे आधी.

मॉनिटरचा भार खरंच किती?

मॉनिटर वाढले की कार्डही महागडं लागतं, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून बघूया. ४के स्क्रीन म्हणजे ३८४० × २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक फ्रेम होते जवळपास ३३ एमबी. तीन मॉनिटरच्या मिळून १०० एमबी. कार्ड पुढच्या एक-दोन फ्रेम तयार ठेवतं, म्हणून तिप्पट धरा: ३०० एमबी. ८ जीबीच्या कार्डाला हे किरकोळच.

मॉनिटरसाठी बघायचे ते पोर्ट. हल्लीची बहुतेक जीफोर्स कार्डं एका वेळी ४ मॉनिटर चालवतात. मात्र एचडीएमआय २.० मधून ४के, ६० हर्ट्झ आणि १०-बिट आरजीबी हे तिन्ही एकत्र जात नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून आरामात जातं. त्यामुळे ज्या मॉनिटरवर कलर करता तो डिस्प्लेपोर्टला लावा.

मग टाइमलाइन अडकते का?

कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवतो. प्ले करताना ती प्रत्येक फ्रेम पुन्हा उलगडावी लागते, यालाच डीकोडिंग म्हणतात. त्यासाठी कार्डात वेगळं सर्किट असतं. तुमच्या फाइलचा प्रकार त्या सर्किटला कळत नसेल, तर सगळं ओझं प्रोसेसरवर येतं आणि टाइमलाइन अडखळते. अशा वेळी कार्ड कितीही महाग असलं तरी फरक पडत नाही.

नेमकी अडचण येते ती १०-बिट ४:२:२ फाइलला. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाचा एक नमुना साठवतात, तर ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक. रंगाची माहिती दुप्पट, म्हणून कलर ग्रेडिंगला बरं पडतं. सोनी ए७ ४, कॅनन आर६ यांसारखे कॅमेरे एच.२६५ मध्ये असं रेकॉर्डिंग करू शकतात. पण आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतली कार्डं एच.२६५ ४:२:२ हार्डवेअरवर डीकोड करत नाहीत, अगदी ४०९० सुद्धा नाही! २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत ही सोय आली. म्हणजे या एका कामात साधं ५०६० हे ४०९० च्या पुढे जातं. इंटेलच्या आर्क कार्डांतही ही सोय आहे.

कार्ड घ्यायच्या आधी हे करा

१. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात तुमच्या कॅमेऱ्याची फाइल उघडा आणि 'क्रोमा सबसॅम्पलिंग' व 'बिट डेप्थ' बघा.

२. ४:२:० आलं तर जुनं आरटीएक्स कार्डही डीकोडिंगला पुरतं. वाचलेले पैसे जास्त व्हीरॅम किंवा एसएसडीवर घाला.

३. ४:२:२ आलं आणि प्रोसेसर इंटेलचा ११ व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर थांबा. नावात शेवटी 'एफ' नसेल तर त्यातलं अंगभूत ग्राफिक्स बहुधा हेच काम करतं. बायोसमध्ये ते चालू ठेवा, मॉनिटर मात्र मुख्य कार्डालाच लावा. प्रीमियर प्रो या दोघांचा वापर करू शकतं. कदाचित नवं कार्ड लागणारच नाही.

४. क्लिप प्ले करून टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख बघा. तो शून्यावर आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल, तर डीकोडिंग कार्डावर होत नाहीये.

व्हीरॅम किती घ्यावी?

नॉइज रिडक्शन, एआय इफेक्ट, थरावर थर चढवलेलं ग्रेडिंग, हे सगळं व्हीरॅम खातं. फुल एचडी आणि साध्या ४के कामाला ८ जीबी चालते. ४के मध्ये असे इफेक्ट रोज लागत असतील तर मी १२ जीबीच्या खाली जायचा सल्ला देत नाही, १६ मिळाली तर उत्तमच. ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हींत येतं, तेव्हा बिलावर आकडा नीट वाचून घ्या.

आणि बजेट अजिबात नसेल तर? प्रॉक्सी बनवा. हलक्या फाइलवर एडिट करा, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. थोडा वेळ आणि डिस्कवर जागा जाते, पण हा सीझन जुन्या मशीनवरही निघून जाईल.

तुमच्या फाइलमध्ये काय निघालं, ते प्रोसेसरच्या नावासकट कळवा. कार्डाचं त्यानंतर ठरवू!