संगणकावर जुळविलेली आझाद हिंद एक्सप्रेस

ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत त्या घरांत संगणक असणें आतां नवलाचें राहिलें नाहीं; आणि मुलें त्यावर नुसतीं खेळत बसतात ही वडीलधाऱ्यांची तक्रारहि तितकीच सार्वत्रिक झाली आहे. या तक्रारींत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? परंतु सर्वच खेळ एका मापानें मोजूं नयेत. आमच्या बिबवेवाडीच्या घरीं सध्यां आगगाडीचा खेळ चालतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 2001 सालीं ‘ट्रेन सिम्युलेटर’ या नांवानें असा एक खेळ काढला होता. पुढें हौशी मंडळींनीं त्याच धर्तीवर ‘ओपन रेल्स’ नांवाचा विनामूल्य खेळ तयार केला. त्यांत गाडी हांकणें हा सोपा भाग. कसोटी लागते ती गाडी जुळवितांना.

जुळणी म्हणजे वस्तुतः एक यादी. आधीं इंजिन, मग एकामागून एक डबे, अशीं नांवें क्रमानें लिहावयाचीं. यंत्र ही यादी बहुधा निमूटपणें मान्य करतें. तिच्यांत खरें किती हें पाहणें मात्र लिहिणाराकडे राहतें. संस्कृत वाक्यांतील पदें मागेंपुढें केलीं तरी विभक्तीच्या बळावर अर्थ टिकून राहतो. आगगाडीस ती सवलत नाहीं.

माझ्या नातवानें सुटींत पुणें-हावडा आझाद हिंद एक्सप्रेस जुळविली. गाडी देखणी होती, पण ती कोणत्या सालची हें त्यास सांगतां येईना. माझ्या मतें पहिला प्रश्न हाच. पेरांबूरच्या कारखान्यांत 1955 पासून जानेवारी 2018 पर्यंत बनलेले जुन्या पद्धतीचे डबे निराळे, आणि जर्मन आराखड्यावरून बनणारे एल.एच.बी. डबे निराळे. जुन्या डब्यांत सांखळीस्क्रूची जोडणी व दोन बाजूंस धक्के झेलणारे बफर. नव्यांत मधोमध एकच कपलर. ते एकमेकांस सहजीं जुळत नाहींत. जुन्या शयनयानांत 72 शय्या, नव्यांत 80. जुना डबा सुमारें 22 मीटर लांबीचा, नवा सुमारें 24 मीटरचा. म्हणून जेथें जुने 24 डबे उभे राहत तेथें नवे 22 च मावतात. नातवाच्या गाडींत निळे व तांबडे डबे आलटूनपालटून लावलेले होते! शेंवटीं 2008 साल ठरलें. त्याबरोबर विजेचें इंजिनहि गेलें, कारण त्या काळीं दौंड-मनमाड मार्गावर तार नव्हती. मनमाडपर्यंत डिझेल अपरिहार्य.

यापुढचा प्रश्न दौंडचा, आणि तोच मला सर्वांत मनोरंजक वाटला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीस त्या काळीं दौंडास दिशा बदलावी लागे. गाडी स्टेशनांत शिरली कीं इंजिन सुटे, बाजूच्या रुळानें दुसऱ्या टोकास जाई, आणि जो डबा शेंवटचा होता तो पहिला होऊन गाडी अहमदनगरकडे, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरकडे, निघे. पुण्याहून पुढें तोंड करून बसलेला प्रवासी नगरास पाठमोरा जाई, हें ज्यांनीं त्या गाडीनें प्रवास केला आहे त्यांस आठवत असेल. अलीकडे दौंडास कॉर्ड लाइन झाल्यानें पुष्कळ गाड्यांचा हा खोळंबा वांचला आहे. नातवानें गार्डचा व सामानाचा डबा फक्त मागें लावला होता. मीं विचारलें, “दौंड सोडतांना गार्डानें बसावयाचें कोठें? इंजिनाला लागून?” तो क्षणभर गप्प राहिला आणि मग त्यानें दुसरा तसाच डबा आणून पुढें लावला. गार्डास 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात; पण त्याचें स्थान गाडीच्या पाठीशींच. गाडीचीं दोन्ही टोंकें सारखीं कां असतात, हें कोणत्याहि पुस्तकापेक्षां दौंडानें त्यास चांगलें समजाविलें.

तरीहि यादींत एक उणीव होतीच. जनरलचा डबा एकहि नव्हता. “आजोबा, ते डबे दिसायला चांगले नाहींत,” असें उत्तर मिळालें. मला हें उत्तर खटकलें, आणि येथें मात्र मी हट्ट धरला. हावड्याची गाडी म्हणजे पुण्याच्या सराफी पेढ्यांसाठीं दागिने घडविणारे बंगाली कारागीर, छत्तीसगडचे मजूर, नागपूर-गोंदियाकडे सणाला निघालेलीं कुटुंबें. आमच्या भागांत ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या विटा उचलणारे कोणत्या डब्यांतून पुण्यास आले, याचा विचार आपण वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनीं क्वचितच केला असेल. मधले वातानुकूलित डबे आणि रसोईचा डबा हे गाडीचें वैभव. पण टोंकांचे जनरल काढले तर ती गाडी दुसऱ्याच कोणत्या तरी देशाची होईल.

डबे लागले, तेव्हां निराळाच प्रश्न निघाला. खेळांतील डबा रिकामा होता. जुन्या जनरलमध्यें बसण्याच्या जागा 90. प्रत्यक्षांत किती चढतात हें सांगावयास नको. 200 माणसें धरलीं व माणशीं 65 किलो मानलें, तर एका डब्यास 13 टन. हा हिशेब नातवानें स्वतः मांडला आणि डब्याच्या वर्णनांतील वजनाचा आंकडा वाढविला. मग गाडी पुणें सोडतांना अगदीं सावकाश वेग घेऊं लागली. त्यास त्याचें वाईट वाटलें, मला नाहीं.

आतां राहिली आहे शेंवटच्या डब्यावरची ‘एल.व्ही.’ची पाटी. ती दिसली म्हणजे गाडी सबंध आली, मागें कांहीं सुटून राहिलें नाहीं, अशी स्टेशनांतील माणसांची खात्री पटते. दौंडास ती पाटी एका टोकाची काढून दुसऱ्या टोकास लावावी लागे. हें नातवास खेळांत साधेना, म्हणून पुणें ते दौंड एक आणि दौंडच्या पुढें उलट्या क्रमाची दुसरी, अशा दोन याद्या लिहिण्याचें काम सध्यां चालू आहे.