‘धा’ आणि ‘त्सांग’ एकाच बाकावर!

सोलापूर आणि चीन म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच गेला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रोज कॉलेजला जाणारे आपल्यात कितीतरी आहेत. पण त्या देशाचं संगीत कसं वाजतं, असं कुणी विचारलं तर? आपण गप्प!

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आलं की आपण गावात जातो, रस्ता झाडतो, झाडं लावतो, पथनाट्य करतो. यंदा त्यातला एक तास जिल्हा परिषद शाळेतल्या तिसरी-चौथीच्या पोरांना द्या. विषय : वाद्य काय बोलतं?

सुरुवात आपल्या हलगीपासूनच करायची. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघाले की हलगीचा कडकडाट पोरांच्या अंगात आधीच भिनलेला असतो. आता फक्त विचारा, ‘डोळे मिटून ऐकलं तर मिरवणूक आहे की कुस्ती, कसं ओळखाल?’ उत्तरांचा पाऊस पडेल. लय बदलली की निरोप बदलतो, हे पोरांना ठाऊक असतं. तसं त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

मग चीनकडे वळा. तिथल्या घंटा-ढोलांच्या मेळाला ‘लुओगु’ म्हणतात. लुओ म्हणजे काशाची थाळीसारखी घंटा आणि गु म्हणजे ढोल. जुन्या काळी चिनी सैन्यात ढोल वाजला की पुढं व्हायचं आणि घंटा वाजली की मागं फिरायचं. बीजिंगच्या पारंपरिक नाट्यसंगीतात पात्र कसं येतंय, लढाई पेटली की संपली, हेही हाच मेळ सांगतो. तिथली छोटी घंटा वाजवली की तिचा सूर वर चढतो आणि मोठीचा खाली उतरतो. पोरांना म्हणा, एक विचारतेय ‘काय?’ आणि दुसरी म्हणतेय ‘हं!’

खरी गंमत पुढं आहे. आपला तबलजी हातानं वाजवण्याआधी तोंडानं म्हणतो, ‘धा धिन् धिन् धा’. चिनी वादकही अगदी तेच करतात! मोठ्या घंटेचा ठोका ‘त्सांग’, छोटीचा ‘थाय’ आणि झांजांचा ‘छी’. ‘छी’ म्हटलं की वर्ग खदाखदा हसणारच, हसू द्या. अर्ध्या वर्गानं ‘धा धिन् धिन् धा’ धरायचं आणि अर्ध्यानं ‘त्सांग छी थाय छी’. बाकावर बोटं आपोआप वाजू लागतात. हजारो किलोमीटर लांबची माणसं आपल्यासारखीच तोंडानं ताल शिकतात, हे सांगायला मग भाषण लागत नाही.

वर्गीकरणाचाही खेळ होतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. प्राचीन चीनमध्ये वाद्य कशाचं बनलंय त्यावरून आठ प्रकार पाडले होते : धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडं आणि लाकूड. वर्गातल्या वस्तू पोरांना या दोन्ही याद्यांत बसवायला सांगा. स्टीलची ताटली मधोमध वाजवा, मग कडेला. आवाज बदलतो ना? १९७८ मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात ६५ घंटा सापडल्या. त्यातल्या बहुतेक घंटा, कुठं ठोका पडतो त्यावरून, दोन वेगवेगळे सूर देतात.

आणि शेवटी अवघड पण गरजेची गोष्ट. हलगी शेकोटीवर का तापवतात, हे पोरं पटकन सांगतील. ओलसर कातडं सैल पडतं, तापलं की ताणतं. पण ‘हलगी कोण वाजवतं?’ विचारलं की काही वर्गांत शांतता पसरते. गावगाड्यानं हे काम ठरावीक जातींवर लादलं, त्यांची कला वापरली आणि त्यांना मात्र वेशीबाहेर ठेवलं. म्हणूनच अनेकांनी स्वाभिमानानं हलगी खाली ठेवली. तो निर्णयही समजून घ्यायला हवा. वाद्याचा अर्थ शिकवायचा आणि वाजवणाऱ्याचं नावही घ्यायचं नाही, हे चालणार नाही.

म्हणून तासाला गावातल्या हलगीवादकाला बोलवा. शिक्षकांना देता तोच मान द्या, शिबिराच्या खर्चातून मानधन द्या आणि खुर्ची फळ्याशेजारी ठेवा. मग हलगी एकेका पोराच्या हातात जाऊ द्या, कुणालाही न वगळता. आपल्याच गावातल्या चामड्याला हात लावायला बिचकणारं पोर चीनच्या घंटेचं कितीही कौतुक करो, त्याला संगीत कळलं असं म्हणता येणार नाही.

खर्च? एक हलगी, दोन ताटल्या आणि मोबाईलवर लुओगुची एक क्लिप. डीजेच्या भिंतीपुढं वाढणाऱ्या या पोरांना आवाज भरपूर मिळतोय. त्यातला अर्थ ऐकायला शिकवणारं कुणीतरी हवंय. शिबिराच्या यादीत हा तास घालायचा का? तुमच्या ग्रुपवर आजच विचारा!