काचेच्या पाटीवरची सही : घेताना व देताना ठेवावयाची दक्षता

बियाण्याची पिशवी किंवा खताची गोणी ताब्यात मिळाल्यावर वहीत सही करण्याची पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अलीकडे अनेक कचेऱ्यांत व विक्रीकेंद्रांत वहीऐवजी टॅब, म्हणजे काचेची पाटी, पुढे केली जाते आणि तिच्यावर लेखणीने अगर बोटाने सही करावयास सांगितले जाते. ही सही कोठे जाते व तिच्यावर कितपत विसंबावे, हे सही देणाऱ्याने व घेणाऱ्याने, दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

हस्ताक्षर विजेच्या साहाय्याने दूर पाठविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एलिशा ग्रे यांनी १८८८ साली ‘टेलऑटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट मिळविले. त्यात एका टोकाची लेखणी जशी फिरे, तशीच तारेच्या दुसऱ्या टोकाची लेखणी कागदावर फिरत असे. आजची पाटी हेच काम आकड्यांनी करते. लेखणी काचेवर टेकली की ती आडव्या व उभ्या अंतराने नेमकी कोठे आहे, याची नोंद दर सेकंदास अनेक वेळा होते. काही पाट्या लेखणीचा दाबही मोजतात. हे बिंदू क्रमाने जोडले म्हणजे सही उमटते.

संगणकातील नोंदवहीत ही सही दोन प्रकारे ठेवता येते. एक म्हणजे केवळ चित्र, आणि दुसरा म्हणजे सर्व बिंदू त्यांच्या वेळेसह. चित्रावरून सहीचा आकार तेवढा कळतो. बिंदूंवरून मात्र लेखणी कोठे थबकली व कोठे वेगाने गेली, हेही कळते. सबब वाद उद्भवल्यास दुसरा प्रकार तपासणीस अधिक उपयोगी पडतो.

तथापि खरा धोका निराळाच आहे. कागदावर सही त्याच ओळीसमोर शाईने होते आणि मागाहून केलेली खाडाखोड बहुधा डोळ्यांस दिसते. संगणकात सही एका खणात व पिशव्यांची संख्या दुसऱ्या खणात राहते. समजा, एका शेतकऱ्याने हरभऱ्याच्या बियाण्याच्या दोन पिशव्या घेऊन सही केली व नंतर कोणी दोनाचे चार केले, तर त्याची सही चारसमोरही तशीच शोभून दिसेल!

यावर उपाय आहे. सही होताच संपूर्ण नोंद व सही यांवरून गणिती रीतीने एक खूण काढतात. तिला ‘हॅश’ म्हणतात. एसएचए-२५६ या प्रचलित रीतीने निघणारी खूण ६४ अक्षरांनी लिहिली जाते. नोंदीतील एक आकडा बदलला तरी खूण साफ बदलते. मात्र ही खूण नोंद बदलू शकणाऱ्याच्याच हाती राहिली, तर तो नवी खूणही काढू शकेल. यास्तव ती स्वतंत्र जागी जपली पाहिजे आणि नोंदीची प्रत शेतकऱ्याकडेही असली पाहिजे.

काचेवरची सही व ‘डिजिटल सही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील डिजिटल सही गुप्त किल्ली व तिची जाहीर जोडकिल्ली यांच्या गणितावर आधारलेली असते. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे तिचे परिचित उदाहरण होय. काचेवर काढलेल्या सहीच्या चित्रास तो दर्जा आपोआप मिळत नाही. पुरावा म्हणून तिचे मोल ती कशी घेतली व कशी जपली, यावर अवलंबून राहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. नोंद पूर्ण भरावी, ती शेतकऱ्यास वाचून दाखवावी व मगच सही घ्यावी. माल ताब्यात देण्यापूर्वी पोचेची सही घेऊ नये.

२. एक सही एकाच नोंदीसाठी वापरावी. जुन्या सहीचे चित्र दुसऱ्या नोंदीस कदापि जोडू नये.

३. चूक झाल्यास जुनी नोंद पुसू नये. ती रद्द दाखवून नवी नोंद करावी व नवी सही घ्यावी.

४. आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास देऊ नये. नोंद कोणी केली, हे त्यावरूनच ठरते.

५. अंगठा करणाऱ्यांचे बोट साध्या काचेवर टेकवून घेऊ नये, कारण तिच्यावर बोटाच्या रेषांचा ठसा नोंदला जात नाही. त्यासाठी ठशाचे वेगळे यंत्र लागते. ते नसल्यास कागदावरच साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा.

शेतकरी बंधूंनी काचेवर सही करण्यापूर्वी वरचा मजकूर व आकडे पाहावेत. वाचता येत नसल्यास विश्वासातील माणसाकडून वाचून घ्यावेत आणि पावती हाती पडल्याखेरीज जागा सोडू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण कोऱ्या काचेसही तितकीच लागू आहे.