माजघराची भिंत काढताना
इंदूर, वडोदरा येथील जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर व माजघर एक करावयाचे झाल्यास प्रथम मधल्या भिंतीचा स्वभाव ओळखावा लागतो. माडीचा भार तुळयांवाटे लाकडी खांबांवर उतरत असेल, तर ती भिंत केवळ आडोसा असते. तुळयांची टोके तिच्यातच रुतलेली असतील, तर ती काढताच माडी खचण्याचे भय असते. अशा वेळी जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने आधी टेकू द्यावेत, नवी तुळई बसवावी, मगच भिंतीस हात लावावा.

भिंत गेली की फोडणीचा धूर माजघरात शिरतो. ऊन हवा वर चढते. म्हणून धुराची वाट शेगडीवर, उंच ठेवावी आणि ताज्या हवेस खालून वाव द्यावा. ओटा रांधणाऱ्याच्या कोपराहून चार-सहा इंच खाली असला, म्हणजे पाठ वाकत नाही. शोभेचा विचार त्यानंतरचा.