मांडीवर साप घेऊन बसलेली माणसं

१९६०च्या दशकाच्या अखेरीस वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचून काही माणसं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आली. सगळ्यांना सापाची विलक्षण भीती होती. कुणी बागकाम सोडलं होतं, कुणी डोंगरात फिरायला जाणं बंद केलं होतं. साप प्रत्यक्षात क्वचितच दिसायचा, पण कुठं जायचं आणि कुठं नाही हे मात्र तोच ठरवायचा. यांच्यातल्या एका गटावर सरासरी दोनेक तास उपचार झाले. त्यानंतर त्या गटातली जवळजवळ सगळी माणसं खुर्चीत स्वस्थ बसली, हात बाजूला मोकळे सोडून, आणि त्यांच्या मांडीवर एक जिवंत साप फिरत होता.

दोन तास! जन्मभराची भीती दोन तासांत इतकी सैल होऊ शकते, हे मानसशास्त्रातलं मला सगळ्यात थक्क करणारं सत्य वाटतं.

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. साप बिनविषारी होता, पण घाबरणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? आधी माणसानं दुरून बघायचं, की उपचार करणारी व्यक्ती साप कसा हाताळते. मग ती व्यक्ती सापाचं डोकं आणि शेपटी धरून ठेवायची आणि माणसानं हातमोजा घालून मधल्या भागाला नुसतं बोट लावायचं. ते जमलं की हातमोजा काढून. मग क्षणभर हातात धरायचं, मग जरा जास्त वेळ. पुढं साप खोलीत मोकळा सोडायचा आणि आपणच पकडून आणायचा. शेवटची पायरी मांडीची. कुठल्याही पायरीवर पाय अडला, तर त्या पायरीचेच आणखी छोटे तुकडे पाडायचे. जबरदस्ती कुठंच नाही.

दुसऱ्या गटाला न घाबरता साप हाताळणाऱ्या लोकांचा चित्रपट दाखवला. तिसऱ्या गटाला शरीर शिथिल करून सापाची नुसती कल्पना करायला शिकवलं. चौथ्या गटावर काहीच उपचार केले नाहीत. चित्रपटाचा आणि कल्पनेचा उपयोग झाला, पण बेताचा. स्वतः हात लावणाऱ्यांच्या गटात मात्र ९२ टक्के लोकांची भीती गेली.

या आकड्यापेक्षाही पुढं जे कळलं ते मोठं आहे. सापाची भीती गेलेल्या काहींनी सांगितलं, की इतर प्राण्यांची भीती कमी झाली आणि चारचौघांत वावरतानाचं अवघडलेपणही कमी झालं. उपचार सापापुरताच होता, तरी माणसाचं स्वतःविषयीचं मत बदललं होतं. त्यानंतरच्या प्रयोगांत बांडुरा प्रत्येक पायरीआधी विचारू लागले, ‘हे तुम्हाला जमेल का? किती खात्री वाटते?’ पुढं माणूस काय करील याचा अंदाज या उत्तरावरून फार नेमका येत असे. १९७७ साली त्यांनी या खात्रीचा सिद्धान्त मांडला आणि ती येते कुठून याचे चार झरे सांगितले: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्यानं केलेलं पाहणं, कुणी दिलेला धीर आणि आपल्याच शरीराकडून येणारे इशारे. यांत स्वतः केलेलं काम सगळ्यात बळकट. नुसता शब्दांचा धीर बराच कमजोर. ‘आधी आत्मविश्वास आण, मग स्टेजवर जा’ असं आपण मुलांना सांगतो, तेव्हा क्रम नेमका उलटा सांगत असतो.

मग कम्फर्ट झोनमधून पाय बाहेर निघत का नाही? १९८५ साली बांडुरांच्या चमूनं कोळ्याला घाबरणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातली ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन ही संप्रेरकं मोजली. जे काम सहज जमेल अशी खात्री होती, तिथं पातळी शांत. जिथं ‘जमेल की नाही’ अशी शंका होती, तिथं ती चढली. आणि जे काम अशक्य वाटून त्यांनी सरळ नाकारलं, तिथं ती झरकन खाली आली. ‘नाही, मला नको’ म्हटल्यावर जे हायसं वाटतं, ते रक्तात मोजता येतं! दर नकाराला शरीर असं बक्षीस देतं, म्हणून नकाराची सवय जडते. याच स्त्रियांनी पुढं पायरीपायरीनं ती कामं आत्मसात केली, तेव्हा आधी धडकी भरवणाऱ्या कामांनाही रक्तातली पातळी शांतच राहिली. छातीतली धडधड हा शंकेचा आवाज असतो, कुवत नसल्याचा पुरावा नव्हे.

आपल्या खेड्यांतून मुलं विहिरीत पोहायला शिकतात ती याच रीतीनं. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा, अलीकडे प्लास्टिकचा रिकामा कॅन, आणि काठावर कमरेची दोरी धरून उभा असलेला काका. मूल हातपाय मारू लागलं, की एक दिवस भोपळा सुटतो. तो सुटणं फार महत्त्वाचं, कारण तोवर मुलाला वाटत असतं की भोपळाच तारतोय. बांडुरांनाही हे उमगलं होतं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना उपचारानंतर आणखी थोडा वेळ सापासोबत एकटं सोडलं. शेजारी धीर द्यायला कुणी नाही. त्यांचं धाडस सापापलीकडेही जास्त पसरलं, कारण यश आता पूर्णपणे त्यांचं स्वतःचं होतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. जुनी भीती पुसली जात नाही. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे, तिथं धोक्याची आठवण टिकून राहते. धाडस म्हणजे तिच्या शेजारी तयार झालेली नवी आठवण, ‘इथं काही झालं नाही’ अशी. २००२ साली मिलाद आणि क्वर्क या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागातल्या काही पेशी ही नवी आठवण जागी ठेवतात. पण नवी आठवण जिथं तयार झाली त्या जागेशी बांधलेली राहते. म्हणूनच घरच्या आरशासमोर पाठ झालेलं भाषण सभागृहात डळमळतं.

जुनी भीती कधी परतही येते. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर या लहान मुलाची सशाची भीती घालवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आधी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळवायचं आणि सशाची थोडीथोडी सवय करायची. मध्येच पीटर तापानं आजारी पडून दोनेक महिने इस्पितळात राहिला, परतताना एका मोठ्या कुत्र्यानं त्याला घाबरवलं, आणि कमावलेलं सगळं गेलं. जोन्स यांनी मागं येऊन पुन्हा सुरुवात केली, या वेळी त्याला खाऊ द्यायचा आणि ससा थोडाथोडा जवळ आणायचा. शेवटी पीटरनं सशाला आपली बोटं कुरतडू दिली. ही घसरण मला प्रयोगाच्या यशाइतकीच मोलाची वाटते, कारण भीती परत आली म्हणजे आधीची मेहनत खोटी होती, असं ठरत नाही.

दुसऱ्याचं पाहूनही धीर मिळतो, याचं पुण्यातलं उदाहरण नीलमकुमार खैरे यांचं. १९८० साली ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. काचेबाहेरच्या लोकांना तिथं दिसलं, की डिवचल्याशिवाय साप उगाच अंगावर येत नाही. मात्र ते वर्षानुवर्षं साप हाताळणारे जाणकार होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची भीती बाळगणं शहाणपणाचंच आहे. जी भीती खऱ्या धोक्याची राखण करते तिला हात लावू नका.

पण इंग्रजीत बोलणं, बँकेतला फॉर्म स्वतः भरणं, सभेत प्रश्न विचारणं, हायवेवर गाडी घालणं, साठीनंतर एकट्यानं प्रवास करणं, यांतलं काही वर्षानुवर्षं अडून राहिलं असेल, तर त्याच्या पायऱ्या कागदावर लिहून काढा. पहिली इतकी छोटी ठेवा की ती आजच जमेल. सोबतीला कुणी असेल तर घ्या, आणि थोड्या दिवसांनी त्यांना घरी थांबायला सांगा. तेच काम वेगळ्या जागी, वेगळ्या माणसांसमोर करा. भीतीनं रोजचं जगणंच अडवलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पायरीपायरीनं भीतीला सामोरं जाण्याचे उपचार त्यांच्याकडे आहेत. स्टॅनफर्डच्या प्रयोगात इतर गटांतल्या ज्यांची भीती शिल्लक राहिली होती, त्यांनाही शेवटी साप हाताळण्याचा तोच उपचार दिला गेला, आणि त्यांचीही भीती थोड्याच बैठकांत गेली.